फ्लेक्स छापायच्या आधी: आमच्या फॅमिली ग्रुपवरची एक रात्र

ओंकार: वंशावळीचा फ्लेक्स तयार 🙏 गणपतीला गावच्या घरी लावायचा. सकाळी छापायला जातोय, काही चुकलं असेल तर आजच सांगा.

नीताकाकी: मस्तच रे! माझा फोटो तेवढा बदल.

शरदकाका: तिसऱ्या ओळीतला हा "विठू अपाक" कोण?

ओंकार: आजोबाच. १९३१ च्या फेरफारात, म्हणजे जमीन कुणाच्या नावावर चढली त्या नोंदीत, तसंच लिहिलंय, "विठू गणू अपाक आई चंद्रभागा". मला वाटलं टोपणनाव असेल.

शरदकाका: अरे देवा. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. गणू वारला, जमीन विठूच्या नावावर चढली, पण विठू अठराच्या आतला, म्हणून पालनकर्ती आई. माझी अख्खी नोकरी तलाठी सजात गेली आणि अपाक माझ्याच घरात जन्माला आला 😄

ओंकार: 🙈 काढतो. पण वय जुळतं. दाखल्यावर जन्म १ जून १९१९ आहे, म्हणजे तेव्हा बारा वर्षांचे.

शरदकाका: १ जूनवर विसंबू नकोस. नाव घालताना आईबापांना तारीख सांगता आली नाही की गुरुजी १ जून ठोकायचे. आपल्या ग्रुपवरच तिघांचे वाढदिवस त्या दिवशी आहेत. वर्ष-दोन वर्षं इकडेतिकडे धर. अज्ञान ते राहतातच.

प्रसाददादा: मग खाली "१९२४ पासून मुंबईत, लालबागच्या गाळ्यात वास्तव्य" कसं? गाळा म्हणजे गावकऱ्यांनी मिळून ठेवलेली खोली. पाच वर्षांचं पोर तिची वर्गणी भरत होतं?

माधुरीआत्या: 😂😂

ओंकार: दादा, वहीच आहे गावमंडळाची! मोडीत. मोडी शिकवणाऱ्या बाईंकडून अक्षरन् अक्षर देवनागरीत उतरवून घेतलं. शके १८४६, माघ. ही बघा ओळ:
सखारामविठुगणुविठुबाळातुकाराम
मधे "विठु गणु" स्पष्ट दिसतंय.

शरदकाका: आधी साल. शकात ७८ मिळवतात, बरोबर. पण माघ जानेवारी-फेब्रुवारीत येतो, तोवर इंग्रजी वर्ष बदललेलं असतं. तिथे ७९. म्हणजे १९२५.
आता ओळ. मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत, हात न उचलता पुढे जायचं. कुठे तोडायचं ते वाचणाऱ्याने ठरवायचं. तू आपल्या माणसाचं नाव शोधायला बसलास आणि ते सापडलं तिथे तोडलंस. मग उरलं काय? सखाराम एकटा, "विठु बाळा" आणि तुकाराम एकटा. बापाच्या नावाशिवाय दोन माणसं वहीत कशी येतील?
ओळीच्या शेवटी काही आकडा आहे का?

ओंकार: आहे. "असामी ३ दर ८ आणे जमा १॥". हिशोब म्हणून मी सोडून दिला होता.

शरदकाका: तीन असामी, आठ-आठ आणे, दीड रुपया. तुझ्या तोडीने चार माणसं होतात, दोन रुपये यायला हवेत.

प्रसाददादा: सखाराम विठू. गणू विठू. बाळा तुकाराम. तीन!

शरदकाका: शाब्बास. गाळ्यात आजोबा नव्हते, पणजोबा होते.

माधुरीआत्या: थांबा. हे काही मला पटत नाही. बाबा नेहमी सांगायचे, माझ्या बापाने मुंबई बघितली नाही, नांगर सोडला नाही.

शरदकाका: बाप गेला तेव्हा बाबा नऊ-दहा वर्षांचे. त्यांना जे सांगितलं असेल ते. ओंकार, फेरफाराचा शेरा मोठा करून टाक.

ओंकार: 📷 शाई फिकी आहे. "खातेदार गणू विठू हा सुमारे दोन वर्षांपूर्वी मुंबई मुक्कामी मयत, सबब वारस…" मी "मुंबई मुक्कामी" आजोबांना लावलं होतं.

प्रसाददादा: म्हणजे १९२९ च्या आसपास. १९२८ ला सहा महिन्यांचा मोठा गिरणी संप झाला होता, त्यानंतर लगेच.

शरदकाका: संपाला जोडू नकोस. कागदात तेवढंच आहे, मुंबईत वारला. कशाने, ते नाही.

माधुरीआत्या: आणि हा सखाराम विठू? बापाचं नाव तेच, म्हणजे गणूचा सख्खा भाऊ?

शरदकाका: शक्य आहे. गावात दुसरा विठू नव्हता असं मात्र म्हणता येत नाही. सखारामच्या नावाचा फेरफार काढून बघायला हवा.

माधुरीआत्या: खालच्या घरचे शिमग्याला म्हणतात ना, आम्ही सखारामाचे! आणि आपण त्यांना लांबचे भाऊबंद समजून पानाला बोलवायचंही विसरतो.

नीताकाकी: अगंबाई.

प्रसाददादा: १९२९ चा मृत्यू पालिकेच्या रजिस्टरात असायला हवा. लालबाग कुठल्या वॉर्डात येतं ते बघून मी सोमवारी जातो.

शरदकाका: गणू आणि गणपत दोन्ही नावं सांग. आणि फेरफारावर जिल्हा रत्नागिरी आहे, ओंकारने खोडून सिंधुदुर्ग केलाय. सिंधुदुर्ग १९८१ ला झाला. होतं ते राहू दे.

ओंकार: काका, एक सांगायचं होतं. सकाळी जातो म्हटलं ना, ते फाईल द्यायला नाही. फाईल दुपारीच दिली. सकाळी फ्लेक्स आणायचाय.

माधुरीआत्या: अरे मेल्या! फोन लाव त्याला आत्ता!

नीताकाकी: थांबवतोच आहेस तर माझा फोटोही बदल.