सी-४०२ च्या काकू नर्मदा परिक्रमेला, पायी आणि एकट्या (सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

सी-४०२: सेक्रेटरी साहेब, कार्तिकातली पौर्णिमा झाली की मी साधारण पाच-सहा महिने घरी नसणार. मेंटेनन्स मुलगा ऑनलाइन भरेल, चालेल ना? दूध-पेपर बंद करतेय

सेक्रेटरी: चालेल काकू. अमेरिका का?

सी-४०२: नाही हो. नर्मदा परिक्रमा. पायी

बी-२०१: अय्या काकू!! 🙏🙏 कुठल्या ग्रुपबरोबर?

सी-४०२: एकटीच जाणारे

ए-३०४: वहिनी रागावू नका पण एकटं कशाला? माझे साडू गेल्या वर्षी बसनं करून आले, पंधरा-वीस दिवसांत सगळे घाट, रात्री हॉटेल, वेळच्या वेळी चहा. पुण्य तेवढंच की

सी-४०२: बसनं माझी नणंद पण जाऊन आली, तिला आवडलं. मला चालायचंय. वारी चाललेय आळंदी ते पंढरपूर, पाय चांगलेत

बी-६०३: काकू मी लिहू का जरा मोठं? मागच्या सीझनला पायी करून आलोय म्हणून

सी-४०२: अरे लिही की, तुझ्यासाठीच तर टाकलं इथे

बी-६०३: वारीच्या हिशोबानं धरू नका एवढंच सांगतो. वारी अडीचशे किमीच्या आसपास आणि सामान दिंडीच्या ट्रकमध्ये, संध्याकाळी पोचलं की तंबू ठोकलेला, जेवण तयार. इथे सगळं आपल्या पाठीवर आणि अंतर कमीत कमी २६०० किमी, वाट चुकणं, गाव फिरून जाणं, कुठे ओढा भरलेला म्हणून लांबून जाणं हे धरलं तर तीन हजाराच्या पुढेच जातं. शास्त्रात ३ वर्षं ३ महिने १३ दिवस आहे पण ते चातुर्मासात एका जागी थांबून वगैरे. रोज वीसची सरासरी पडली तरी पाच महिने होतातच, ताप-जुलाब-विश्रांती धरून थोडे वर. तुमचा अंदाज बरोबर आहे. आणि एकटं जायला काहीच हरकत नाही, मी तर म्हणीन एकटंच जा. आश्रमात पहिला प्रश्न काय तर कितनी मूर्ती, म्हणजे किती जण. एक मूर्ती म्हटलं की ओसरीत कुठेही आसन लागतं, ताटात दोन पोळ्या पडतात. दहा जणांचं टोळकं आलं की हातात सदाव्रत देतात, पीठ-डाळ घ्या आणि शिजवा, आणि मग दहा जणांचे दहा वेग, एकाचा गुडघा दुखला की नऊ जण चिडचिड करत बसलेले. फक्त दोन ठिकाणी एकट्यानं जायचं नाही, शूलपाणीची झाडी म्हणजे बडवानीच्या पुढचं डोंगराळ जंगल, आणि समुद्र

ए-१०१ आजोबा: झाडीबद्दल मी सांगतो. आम्ही गेलो तेव्हा धरण भरलेले नव्हते. झाडीत मामा लोक, म्हणजे तिथले भिल्ल, अंगावरचे कपडे सोडून सर्व काढून घेत. माझे घड्याळ, घोंगडी, चष्मा सुद्धा गेला. चष्मा परत दिला कारण त्यांच्यातल्या कुणालाच त्यातून दिसेना 😀. बाईमाणसाने एकटे जाऊ नये असे माझे स्पष्ट मत

बी-६०३: आजोबा तुमचा मान राखून, आता लुटालूट जवळजवळ संपली. उलट त्याच पाड्यांमध्ये परिक्रमावासींना भाकरी-डाळ मिळते, मी स्वतः जेवलोय. आताची अडचण वेगळी आहे. सरदार सरोवर २०१९ मध्ये पहिल्यांदा पूर्ण भरलं, १३८.६८ मीटरपर्यंत, त्यामुळे काठाकाठानं जाणारी तुमच्या वेळची वाट पाण्याखाली गेली. आता डोंगर चढा-उतरा, पुढचा पाडा कुठे ते कुणाला तरी विचारत जा, आणि फोनला रेंज नाही. म्हणून एकट्यानं नको, चोराच्या भीतीनं नाही, पाय मुरगळला तर निरोप न्यायला कुणी हवं म्हणून. काकू बडवानीजवळ राजघाटच्या बाजूला आश्रमात एक-दोन दिवस थांबलात ना की चार जण मिळतातच, त्यात एखादी बाई असतेच, त्यांच्याबरोबर झाडी पार करा आणि गुजरातेत गोऱ्याला उतरलात की नर्मदे हर म्हणून परत आपापल्या वाटेला

सी-४०२: आणि नाही मिळाले तर?

बी-६०३: तर सडकेनं. बडवानी, पानसेमल, खेतिया, शहादा, प्रकाशा, तळोदा, अक्कलकुवा करत राजपिपळा. लांब पडतं, नर्मदामाई दिसत नाही, पण पुष्कळ लोक तसेच जातात. शिवाय तो बराचसा आपला नंदुरबार जिल्हा, अक्कलकुव्यापर्यंत कुणीतरी मराठीत बोलणारं भेटेल

बी-२०१: समुद्राचं काय ते? नर्मदा ओलांडायची नसते ना?

बी-६०३: हो, नदी ओलांडायची नाही, कायम उजव्या हाताला ठेवायची. उपनद्या ओलांडल्या तर चालतात. पण मुखाशी दक्षिण तटावरून उत्तर तटावर जायला समुद्रातून बोटीनं जावं लागतं, कठपोर-विमलेश्वरच्या बाजूनं मिठी तलाई. बोट भरतीच्या हिशोबानं सुटते, आपल्या नाही, त्यामुळे कधी मध्यरात्री उठवतात कधी दिवसभर बसवून ठेवतात. काही तास लागतात. तिथे आपोआप गर्दी जमते, एकटं जाण्याचा प्रश्नच येत नाही. उलटीची गोळी मात्र खिशात ठेवा

ए-३०४: मग ओंकारेश्वराचं दर्शन पहिल्या दिवशी घेऊन निघायचं?

ए-१०१ आजोबा: नाही. परिक्रमा तिथून उचलली, म्हणजे सुरू केली, तरी ओंकारेश्वर बेटावर आहे, परिक्रमेत असताना बेटावर जाता येत नाही. दक्षिण तटावरच्या ममलेश्वराचे दर्शन घेऊन निघावे, पूर्ण झाली की संकल्पाच्या वेळी बाटलीत घेतलेले नर्मदाजल ओंकारेश्वरास वाहावे. आधी दर्शन हवे असल्यास संकल्प करण्यापूर्वी उरकावे. वहिनी, गरुडेश्वरला टेंब्ये स्वामींच्या समाधीपाशी एक दिवस जास्त ठेवा, उत्तर तटावर लागेल

सी-४०२: ठेवलाय आजोबा. माहेर कुडाळचं आमचं, स्वामींचं जन्मगाव माणगाव शेजारीच. गरुडेश्वर तर हवंच

सी-४०२ मुलगा: मी पण आहे या ग्रुपवर 😐 आई हे सगळं मला पण आत्ताच कळतंय. मी एकच अट घातली होती, रोज संध्याकाळी फोन आणि लाइव्ह लोकेशन कायम चालू

बी-६०३: दादा चिडू नकोस, ही अट काढून टाक. माझ्या बायकोनं हीच घातली होती. रोजचा फोन कबूल केला की ज्या दिवशी येत नाही त्या दिवशी घरचे रात्रभर जागे, आणि इकडे मी एका टेकडीवर फोन वर धरून रेंज शोधत दीड तास, अंधार पडायला लागला तरी. सूर्यास्तानंतर चालायचं नाही हा तिथला नियम आहे आणि तो मी फोनपायी मोडत होतो. लाइव्ह लोकेशननं बॅटरी दुपारीच संपते ते वेगळंच. मग आम्ही असं ठरवलं की मोठं गाव लागलं की मेसेज, फक्त आश्रमाचं नाव आणि उद्या कुठे जाणार. झाडीत शिरण्याआधी एक फोन, त्यानंतर सहा दिवस काही आलं नाही तरी कुणी घाबरायचं नाही, सातव्या दिवशी मागच्या आश्रमात फोन करायचा. तिथल्या वहीत आपलं नाव-गाव लिहून घेतात त्यामुळे माग लागतो

सी-४०२ मुलगा: सहा दिवस???

सी-४०२: तू हॉस्टेलला होतास तेव्हा पंधरा-पंधरा दिवस पत्र यायचं नाही

सी-४०२ मुलगा: आई ते वेगळं

सी-४०२: काय वेगळं

सेक्रेटरी: कृपया घरगुती चर्चा पर्सनलवर 🙏 बाकी माहिती चालू ठेवा, मला पण वाचायला आवडतंय

सी-४०२: बरं आता कामाचं. मी सॅक भरून हुकाच्या काट्याला लावली, बाटलीतलं पाणी न धरता ९ किलो ४०० भरली. जास्त आहे का?

बी-६०३: खूप. अंगाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शावर जाऊ नका. तुम्ही पंचावन्न असाल तर साडेपाच. आत काय काय आहे?

सी-४०२: चार ड्रेस, शाल, स्वेटर, सोलापुरी चादर, दोन टॉवेल, स्टीलचा दोन कप्प्यांचा डबा, लहान पातेलं, पोळपाट नाही पण छोटं लाटणं, पॉवर बँक, टॉर्च, औषधं, पोथी, वही, ओडोमॉस, शॅम्पू साबण, आणि बाळकृष्ण

बी-२०१: लाटणं 😂😂😂

सी-४०२: हसू नका, सदाव्रत मिळालं तर पोळ्या कशा करू

ए-१०१ आजोबा: टिक्कड. हातावर थापून निखाऱ्यावर. लाटण्याची गरज नाही

बी-६०३: काढा म्हणजे काढाच. चादर ओली झाली की दोन दिवस वाळत नाही आणि सोलापुरी म्हणजे एकटीच दीड किलो असेल, त्याऐवजी हलकं स्लीपिंग बॅग आणि खाली फोमची पातळ मॅट. स्वेटर ठेवा, जानेवारीत उत्तर तटावर पहाटे हाडं गोठतात आणि अमरकंटक हजार मीटरच्या वर आहे, तुम्ही मार्चच्या सुरुवातीला पोचाल तरी रात्री लागेलच. ड्रेस दोन, एक अंगावर एक वाळत. टॉवेल सोडून पंचा. डब्याऐवजी एक खोल थाळी आणि पेला, पातेलं आश्रमात मिळतं. साबण-शॅम्पू तर माईत लावायचाच नाही, घाटावर कुणीही ओरडेल, लांब बादली घेऊन आंघोळ असेल तर छोटी वडी पुरते

सी-४०२: पोथी?

बी-६०३: फोनमध्ये फोटो काढून ठेवा पानांचे

सी-४०२: आणि बाळकृष्ण सहाशे ग्रॅमचा आहे. तो येणारच

(इथे बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही)

बी-२०१: काकू तुमचे बाकीचे देव माझ्याकडे द्या, रोज फूल-नैवेद्य करीन मी. बाळकृष्णाला पण द्या ना, माझा छोटा खेळेल त्याच्याशी

ए-१०१ आजोबा: संकल्प करताना नर्मदाजल एका बाटलीत घेतात, तीच देवता समजून रोज पूजा आरती. ती बाटली वागवावीच लागते. समुद्राशी थोडे अर्पण करून तिथले भरायचे, अमरकंटकलाही तसेच. आणखी मूर्ती कशास

सी-४०२: हे मला पटलं. देते बाळकृष्ण बी-२०१ मध्ये. पण लोणी लागतं त्याला, बाजारचं नाही

बी-२०१: 🙈 बरं

ए-३०४: वहिनी तुम्ही जिल्हा परिषदेच्या पेन्शनर ना? हयातीचा दाखला!! नोव्हेंबरात दिला नाही तर पेन्शन थांबते. बँकेत असताना दर वर्षी बघायचो, कुणी ना कुणी चारधामला गेलेलं आणि फेब्रुवारीत येऊन काउंटरवर भांडण. १ तारखेला आधी दाखला मग बाकीचं. जीवन प्रमाण ॲपवर फोनसमोर चेहरा धरून पण होतो, पावतीचा नंबर मुलाला पाठवून ठेवा

सी-४०२: बाई गं. हे कुठल्याच यादीत नव्हतं. थँक्यू भाऊजी

ए-३०४: आणि लॉकर, एफडीच्या तारखा, लाइटबिल ऑटोपे. मी येतो एकदा बसू या. बसचं म्हटलं ते सोडून द्या

सी-४०२ मुलगा: औषधं किती दिवसांची नेणार आई? थायरॉइड आणि बीपी दोन्ही रोज आहेत

सी-४०२: सगळीच भरलीत, सहा महिन्यांची. त्याचंच वजन आहे बरंचसं

बी-६०३: सहा महिन्यांची पाठीवर नकोत. दोन महिन्यांची घ्या, रिकामी खोकी फेकून नुसत्या पट्ट्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो फोनमध्ये. दादा तू भरूचला ये पुढची घेऊन, मुंबईहून रेल्वेनं सरळ, आणि नंतर जबलपूरला. दोन्ही मोठी स्टेशनं आहेत, दोन्ही उत्तर तटावर भेटतील आणि तुला आई डोळ्यांनी दिसेल. हे रोजच्या फोनपेक्षा बरं की नाही सांग

सी-४०२ मुलगा: हे बरंय. येतो मी

सी-४०२: येताना सासूबाईंसारखा चेहरा करून येऊ नकोस फक्त

बी-४०५: मध्येच विचारतो सॉरी, बूट कुठले घ्यायचे? मला पण कधीतरी करायचंय

बी-६०३: ट्रेकिंगचे जाड बूट नको, गरम होतात, गाळात रुतले तर निघत नाहीत. साधे चालायचे बूट, नेहमीच्या मापापेक्षा अर्धा नंबर मोठे कारण दुपारपर्यंत पाय सुजतात. निघायच्या आधी दोनेकशे किमी तरी घालून झालेले हवेत. सोबत सँडल. पायमोजे तीन जोड, ओले झाले की लगेच बदला. फोड यायच्या आधी जिथे टोचायला लागतं तिथे लगेच पेपर टेप, फोड आल्यावर नाही. नखं अगदी बारीक कापायची, उतारावर अंगठ्याचं नख बुटाला ठोकून काळं पडतं, माझी दोन गेली. काठी घ्या, कुत्र्यांना दाखवायला पुरते

सी-४०२: आत्ता परत तोलली. ५ किलो ९००. लाटणं काढलं

बी-२०१: 👏👏👏

बी-६०३: मस्त. आता ही घेऊन चाला. टेकडीवरचं मॉर्निंग वॉक धरू नका. आपल्याकडून आळंदी पंचवीसेक किमी आहे, शनिवारी भरलेली सॅक घेऊन जा, धर्मशाळेत जमिनीवर झोपा आणि रविवारी त्याच पायांनी परत या, बसनं नाही. पहिल्या दिवशी कुणीही चालतं, रविवारी सकाळी पायात बूट घालताना काय वाटतंय ते बघायचंय

सी-४०२: या शनिवारी जाते

बी-२०१: काकू मी येऊ? फक्त आळंदीपर्यंत. छोटा आजीकडे राहील

सी-४०२: ये की. पण तुझी सॅक तू घ्यायची, माझी उचलायला धावू नकोस. पहाटे साडेचारला गेटवर. वॉचमनला सांगून ठेवते

सेक्रेटरी: साडेचारला लिफ्ट बंद असते, जिन्यानं या

सी-४०२: जिन्यानंच येणारे