स्वप्नात येणारी घरे : आपले अनुभव लिहावेत

माजघर :
नारायण पेठेतील आमच्या वाड्याच्या जागी आता उंच इमारत उभी आहे, तरी स्वप्नात मी अजूनही दिंडी दरवाजातून वाकूनच आत शिरते. चौक, ओसरी, माजघर सारे ओळखीचे असते. मात्र कोठीच्या मागे एक खोली असते, जी वाड्यात कधीच नव्हती. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९०९ साली, मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांच्यासह अमेरिकेचा प्रवास करताना पाहिलेल्या स्वप्नाविषयी परवा वाचले आणि ही खोली पुन्हा आठवली. त्या स्वप्नातील घरात वर सजवलेला दिवाणखाना, खाली मध्ययुगीन मजला, त्याखाली रोमन काळातील तळघर आणि अगदी तळाशी हाडे व दोन कवट्या असलेली गुहा होती. कवट्या कोणाच्या, हे फ्रॉइड विचारत राहिले. युंग यांना मात्र ते संपूर्ण घरच मनाचे चित्र वाटले, आणि सामूहिक अबोध मनाच्या, म्हणजे सर्व माणसांत समान असलेल्या नकळत्या मनाच्या, कल्पनेकडे ते त्यातूनच वळले. मला युंग यांचे पटते, कारण एकच वस्तू सुटी काढून तिचा अर्थ लावत बसले की घर नजरेआड होते. आपण आपापली घरे लिहावीत, ही विनंती.

नदीकाठ :
आमचे पुरात गेले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, पाठोपाठ खडकवासलाही, आणि शनिवार पेठेतील बिऱ्हाडात चिखलाखेरीज काही उरले नाही. आई शेवटपर्यंत त्या घराचे स्वप्न पाहत असे, पण तिच्या स्वप्नात पाणी कधीच नसे. फडताळातील पितळी डबे जागच्या जागी असत, जमीन नुकती सारवलेली असे आणि ती निवांत तांदूळ निवडत बसलेली असे. जागी झाल्यावर ती रडत नसे, उलट त्या दिवशी तिचा चेहरा प्रसन्न दिसे. स्वप्न म्हणजे इच्छापूर्ती, हे फ्रॉइड यांचे म्हणणे तिच्या बाबतीत मला खरे वाटते. फक्त तिची इच्छा घर परत मिळावे एवढी मोठी नव्हती, हातातले तांदूळ निवडून व्हावेत इतकीच होती.

कोथरूडकर :
नदीकाठ, वाचून डोळे भरून आले. माझ्या स्वप्नात स्वयंपाकघर माहेरचे आणि देवघर सासरचे असते, आणि दोहोंमधला दरवाजा काही केल्या सापडत नाही. कोथरूडचे आमचे स्वतःचे घर मात्र एकदाही आलेले नाही. असे का व्हावे? दूध गॅसवर आहे, उरलेले संध्याकाळी लिहीन.

ओसरी :
लहानपणी ज्या घरात आपण रांगलो, ठेचकाळलो, ते अंगात मुरलेले असते, म्हणून तेच दिसत असावे.

सहाण :
आमच्या आत्याने तुळई कोसळल्याचे स्वप्न पाहिले आणि अशुभ मानून काकांचा प्रवास रद्द करवला. अशा भीतीपोटी घरोघरी फार त्रास होतो, म्हणून मुद्दाम लिहितो. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित (मनात इच्छिलेले), कल्पित, भाविक (पुढे घडणाऱ्याचे सूचक) आणि दोषज (वात-पित्त-कफ बिघडल्याने पडणारे) असे स्वप्नांचे सात प्रकार दिले असून, त्यांतील पहिले पाच निष्फळ समजावेत, असे वैद्याला स्पष्ट सांगितले आहे. राहत्या घराचे स्वप्न मी अनुभूतात धरीन, नदीकाठ यांच्या मातोश्रींचे प्रार्थितात आणि माजघर यांची खोली कल्पितात. निष्फळ म्हणजे पुढे काही घडवून न आणणारे. त्यातून माणूस कळत नाही, असे मात्र मला वाटत नाही.

कोथरूडकर :
ओसरी, स्वप्नात येणारे स्वयंपाकघर मी दहावीत असताना बांधलेले आहे, तेथे मी रांगलेले नाही. आई दवाखान्यात होती तेव्हा त्याच ओट्यापाशी मी पहिल्यांदा एकटीने सगळ्यांचा स्वयंपाक केला, आणि भाकरी करपली तरी बाबा काही न बोलता जेवले. कोथरूडच्या घरात तशी वेळ माझ्यावर अजून आलेली नाही, हेच कारण असेल का?