पोलो जीटी टीएसआय: १६ इंची काढून १५ इंची हलकी अ‍ॅलॉय टाकावीत का?

अर्धा_क्लच

नमस्कार मंडळी. गाडी २०१८ची पोलो जीटी टीएसआय, १.२ लिटर, डीएसजी म्हणजे ऑटोमॅटिक, क्लचचं पेडल नाही. (हो, आयडीतला क्लच जुन्या गाडीचा. नाव बदलता येत नाही इथे.) कंपनीची १६ इंची अ‍ॅलॉय, टायर १९५/५५ आर१६ (१९५ मिमी रुंदी, साइडवॉलची म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ५५ टक्के, रिम १६ इंची). राहते पुण्यात, माहेर चिपळूण, त्यामुळे ताम्हिणी उतरून माणगाव आणि पुढे मुंबई-गोवा हायवे हे नेहमीचंच.

गेल्या पावसात माणगावच्या पुढे पाण्याने भरलेल्या खड्ड्यात पुढचं डावं चाक आदळलं. रिमची आतली कड वाकली आणि टायरच्या साइडवॉलला लिंबाएवढा फुगा आला. बाकीचे टायरही संपत आलेत, म्हणजे खर्च अटळ आहे. भाऊ म्हणतो, १५ इंची हलकी अ‍ॅलॉय टाक, खड्डेही झेपतील आणि पिकअपही सुधारेल. टायरवाला म्हणतो, "ताई, लोक १७ टाकतात, तुम्ही उलट्या कुठे निघालात?"

बजेट टायर धरून साठ-सत्तर हजार. घाटात गाडी आत्ता जशी वळते ती मजा घालवायची नाही. कुठली रिम, कुठला टायर?

सह्याद्री_टर्बो

बिनधास्त उतरा १५ वर. २०१३ला जीटी टीएसआय पहिल्यांदा आली तेव्हा कंपनीनेच १५ इंची चाकं आणि १८५/६० आर१५ टायर दिले होते. इंजिन तेच, १०५ पीएसचं. त्यामुळे ब्रेक कॅलिपरला रिम घासेल का ही चिंता कंपनीच्या रिमपुरती मिटलीच. १६ इंची नंतर आली, आणि ती मुख्यतः दिसायला.

बाहेरची रिम घेणार असाल तर मात्र आधी एक रिम पुढच्या हबवर (चाक ज्यावर बोल्टने बसतं तो भाग) लावून हाताने फिरवून बघा. काही डिझाइनमध्ये आरे आतल्या बाजूला फुगीर असतात.

पीसीडी_मास्तर

टायरचा आकार ठरवल्याशिवाय रिम घेऊ नका. आत्ताच्या चाकाचा टायरसकट व्यास साधारण ६२१ मिमी आहे, साइडवॉल १०७ मिमी. १५ इंचावर असं होतं:

१८५/६० आर१५ – व्यास ६०३, साइडवॉल १११
१९५/६० आर१५ – व्यास ६१५, साइडवॉल ११७
१८५/६५ आर१५ – व्यास ६२१.५, साइडवॉल १२०
१९५/५५ आर१५ – व्यास ५९५.५, साइडवॉल १०७

शेवटचा मुद्दाम लिहिलाय. "आधी १९५/५५ होता ना, मग तोच १५ मध्ये देतो" म्हणणारे दुकानदार आहेत. त्यात साइडवॉल एक मिलिमीटरनेही वाढत नाही, उलट गाडी जवळपास १३ मिमी खाली बसते. म्हणजे खड्ड्यांसाठी खर्च करायचा आणि स्पीडब्रेकरला पोट घासायचं.

कंपनीच्या १८५/६० मध्येही साइडवॉल जेमतेम चार मिमी जास्त मिळते आणि गाडी ९ मिमी खाली येते. खड्ड्यांचा त्रास खरंच कमी करायचा असेल तर १८५/६५ किंवा १९५/६०. यातला १८५/६५ आर१५ स्विफ्ट-डिझायरचा आकार, म्हणून महाडच्या टायरवाल्याकडेही मिळेल. १९५/६० पुण्या-मुंबईत मिळतो, पण कुठल्याही दुकानात शिरलो आणि घेतला असं होत नाही.

तिखट_मिसळ

सगळे "लहान म्हणजे हलकं" धरून चाललेत. तसं नसतं राव.

आपल्याकडे पंचवीस-तीस हजारांत मिळणारा १५ इंची सेट साध्या ओतकामाचा असतो. ताकदीसाठी त्यात धातू भरपूर घालावा लागतो, आणि अशी रिम कंपनीच्या १६ इंचीइतकीच, कधी जास्तही भरते. मग हलकेपणाचे पैसे देऊन मिळालं काय? नवा रंग.

दुकानात जाताना प्रवासाच्या बॅगा मोजायचा हुकवाला काटा न्या. आधी तुमची वाकलेली रिम टायर उतरवून लटकवा, आकडा लिहा, मग त्यांची नवी रिम लटकवा. दुकानदार हसेल, हसू दे. रिममागे दीड-दोन किलोचा फरक नसेल तर "हलकी अ‍ॅलॉय" हा शब्द बिलातून काढायला सांगा.

खरोखर हलकी हवी असेल तर फ्लो-फॉर्म्ड विचारा. त्यात मधला भाग ओततात आणि बाहेरचा पट्टा गरम असताना रोलरने दाबून ताणतात, म्हणून तो पातळ असूनही मजबूत राहतो. फोर्ज्ड (धातू दाबून घडवलेली) तुमच्या बजेटमध्ये बसणार नाही, आणि या गाडीला गरजही नाही. रिमच्या मागे जेडब्ल्यूएल, व्हीआयए, आयएसआय असे दर्जाचे शिक्के आणि किती किलो भार पेलते तो आकडा कोरलेला असतो, तो वाचा. नुसतं स्टिकर असेल तर उठून या. एन्काईचा कारखाना आपल्या शिक्रापूरला आहे हे खरं, पण म्हणून "फॅक्टरीतून थेट आणलाय" हे वाक्य बिलाशिवाय खरं मानायचं कारण नाही.

पाचवा_गियर

माझा अनुभव वेगळा आहे. माझ्या जीटीला १६ काढून १८५/६० आर१५ टाकले. पिकअप लगेच जाणवला आणि मायलेजही १४ वरून साडेचौदाच्या जवळ गेलं. वजनकाटा वगैरे काही केलं नाही. हलकी चाकं म्हटल्यावर फरक पडणारच.

पीसीडी_मास्तर

पाचवा_गियर, पिकअप खरा आहे पण त्याचं श्रेय वजनाला देऊ नका. चाकाचा व्यास तीन टक्क्यांनी कमी झाला, म्हणजे सगळे गियर तीन टक्क्यांनी आखूड झाल्यासारखे. गाडी जोरात उठते आणि हायवेला त्याच वेगात इंजिन तेवढंच जास्त फिरतं.

मायलेजचं तर सरळ आहे. लहान चाक त्याच अंतरात जास्त फेरे घेतं, आणि ओडोमीटर फेरेच मोजतो. खरे १००० किलोमीटर झाले तर आता मीटरवर १०३० दिसणार. १४ला तीन टक्के जोडा, १४.४ येतात. तुमचं वाढलेलं मायलेज बहुतेक तिथेच आहे. एकदा जीपीएसवर अंतर मोजून हिशोब करा. स्पीडोमीटरही तेवढाच जास्त दाखवत असेल, त्याने निदान पावती फाटत नाही.

हलक्या चाकाचा फायदा दुसरीकडे असतो. चाक, टायर, ब्रेक हे वजन स्प्रिंगच्या खालचं. ते कमी असलं की खडबडीत रस्त्यावर चाक उडून पुन्हा लवकर जमिनीला टेकतं, शॉकअपला कमी झगडावं लागतं. ताम्हिणीत जिथे डांबराला ठिगळं लावलीत, तिथे वळणात ब्रेक मारताना कळतं ते. शून्य ते शंभरच्या वेळेत फार काही शोधू नका.

पाचवा_गियर

हम्म. जीपीएस लावून बघतो. तरी गाडी मजेत पळते, ते काही मी परत देणार नाही :)

कागदपत्रे_आणा

एक कंटाळवाणी पण कामाची गोष्ट. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा गाडीत बदल करण्यावर बंधनं आहेत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते कडकपणे वाचलं. टायरचा आकार बदलला म्हणून रस्त्यात कोणी अडवेलच असं नाही. अडचण येते ती अपघातानंतर, इन्शुरन्सचा सर्व्हेअर चाकाकडे बोट दाखवतो तेव्हा.

म्हणून माझं मत १८५/६० आर१५ ला. तो याच मॉडेलला कंपनीने दिलेला आकार आहे. १८५/६५ घ्यायचाच असेल तर इन्शुरन्स कंपनीला ईमेल करून लेखी उत्तर घ्या आणि मगच पैसे मोजा. भार आणि वेगाची खूण मूळ टायरपेक्षा कमी नको. तुमच्या आत्ताच्या टायरवर ८७व्ही किंवा तसं काही असेल. ८७ म्हणजे ५४५ किलो, ८८ म्हणजे ५६०. व्ही म्हणजे ताशी २४०, एच म्हणजे २१०. १८५/६५ मध्ये बहुतेक ८८एच मिळतात, म्हणजे भारात पुढे आणि वेगात मागे. आपल्या रस्त्यांवर २१० पुरेल हो, पण ईमेलमध्ये तेही लिहा.

सह्याद्री_टर्बो

कागदाच्या बाबतीत पटलं. पण चार मिमीसाठी चार रिम घ्यायला सांगणं हा अन्याय आहे. मग १६च ठेवा, वाकलेली एक बदला आणि चांगले टायर घ्या, पैसे वाचतील.

मिरजेचा_मेकॅनिक

ताई, नवी घेण्याआधी एक बघा. व्हेंटो, रॅपिड आणि जुन्या पोलोची कंपनीची १५ इंची अ‍ॅलॉय लोक १६-१७ टाकताना काढून विकतात. तिन्हींचा पीसीडी ५ बाय १०० (पाच बोल्ट, १०० मिमी व्यासाच्या वर्तुळावर), मधलं भोक ५७.१ मिमी. तुमच्या हबवर थेट बसतात, मधली फट भरायला रिंग नको, बोल्टही तेच चालतात. नव्या सेटच्या निम्म्याच्याही खाली मिळतील. मुंबईला गेलात तर कुर्ल्याचा सीएसटी रोड, नाहीतर ओएलएक्स.

जुनी घेताना रिम बॅलन्सिंग मशीनवर फिरवून घ्या, टायर न चढवता. आतली कड डगमगताना डोळ्याला दिसते. मग आतल्या बाजूने बोट फिरवा. आर्गन वेल्डिंग मारून वर रंग दिलेला असेल तर तिथे खरखरीत उंचवटा लागतो. अशी रिम फुकट दिली तरी घेऊ नका. बोल्टच्या भोकाभोवती तडा आहे का तेही बघा. वजन तिखट_मिसळ म्हणतात तसं काट्यावरच.

अर्धा_क्लच

सगळ्यांचे आभार, डोकं गरगरलं पण उपयोग झाला. काल वाकलेली रिम काट्याला लटकवली, आकडा लिहून ठेवलाय. आता एकच धाकधूक. १९५ चा १८५ केला, वर उंच साइडवॉल, मग घाटात गाडी लोळणार नाही का? पावसात ब्रेकिंग?

पीसीडी_मास्तर

स्टीअरिंग फिरवल्यावर पहिल्या क्षणाला किंचित सैल वाटेल, ते खरं आहे. १३ मिमी जास्त रबर वाकणार. पहिल्या आठवड्यात जाणवेल, मग हात जुळवून घेतो. कोरड्या रस्त्यावर पकड थोडी कमी होईल, पण ती रुंदीपेक्षा टायरच्या रबरावर जास्त ठरते. १९५ मध्ये घेतलेला स्वस्त टायर १८५ मधल्या चांगल्या टायरपुढे टिकणार नाही. साचलेल्या पाण्यात तर अरुंद टायरच बरा, पाणी लवकर कापतो.

रिम ६ किंवा साडेसहा इंच रुंद घ्या, १८५/६५ दोन्हींवर बसतो. साडेसहावर साइडवॉल जरा ताठ उभी राहते, तुम्हाला वळणं आवडतात तर तीच बघा. ऑफसेट (रिमच्या मध्यरेषेपासून बोल्टची बसायची जागा किती मिमी बाहेरच्या बाजूला आहे तो आकडा) ४०च्या आसपास. ३५च्या खाली गेलात की चाक बाहेर येतं, स्टीअरिंग रस्त्याच्या चाकोरीत ओढतं आणि बेअरिंगवर ताण येतो. दिसतं छान, म्हणून दुकानदार तेच पुढे करतात.

टायर: कॉन्टिनेंटल अल्ट्राकॉन्टॅक्ट यूसी६ पावसासाठी माझी पहिली पसंती. मिशेलिन घेतलात तर आवाज कमी, किंमत जास्त. साइडवॉलवरचा चार आकडी कोड बघून घ्या, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष. वर्षभरापूर्वीचा माल "नवाच आहे" म्हणून खपवतात.

तिखट_मिसळ

माझं मत: जुनी कंपनीची १५ इंची मिळाली आणि काट्यावर हलकी भरली तर ती, त्यावर १८५/६५, इन्शुरन्सचा होकार घेऊन. होकार नाही आला तर १८५/६० साठी चाकं बदलू नका, सह्याद्री_टर्बो म्हणतात तसं १६च ठेवा. आणि मूळ १६ इंची कुठल्याही परिस्थितीत विकू नका, गाडी विकताना लागतील.

अर्धा_क्लच

इन्शुरन्सला मेल टाकलाय. पिंपरीत एकाकडे व्हेंटोचा सेट आहे, रविवारी काटा घेऊन जातेय. त्याच्याकडेच एक बाहेरचा फ्लो-फॉर्म्ड सेटही आहे. तो म्हणतो "बोल्ट तुमचेच चालतात". चालतात का?

मिरजेचा_मेकॅनिक

व्हेंटोच्या सेटला चालतील. बाहेरच्या सेटला बहुधा नाही! तुमच्या बोल्टची बसायची जागा गोलाकार असते, बाहेरच्या रिमना बहुतेक वेळा ६० अंशाचा शंकू लागतो. गोल बोल्ट शंकूच्या भोकात घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण टेकतो फक्त एका कडेवर, आणि चालता चालता सैल होतो. रिमच्या भोकात वाकून बघा, खोलगट वाटी दिसते की सरळ उतार ते लगेच कळतं. शंकूचे बोल्ट घ्यावे लागले तर आटे एम१४ बाय १.५च हवेत आणि लांबी रिमच्या जाडीप्रमाणे. बाहेरच्या रिमचं मधलं भोक बऱ्याचदा ७३.१ असतं, तेव्हा ७३.१ ते ५७.१ ची हब रिंगही त्याच्याकडूनच घ्या, नाहीतर ऐंशीच्या पुढे स्टीअरिंग थरथरेल.

आणि फिटिंगला एअर गनने शेवटपर्यंत आवळू देऊ नका. टॉर्क रेंचने (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) १२० न्यूटन मीटर, आडव्यातिडव्या क्रमाने, आणि शंभर किलोमीटर झाले की परत तपासून घ्या. पिंपरीवाल्याकडे टॉर्क रेंच नसेल तर पुढच्या चौकात असतो कोणाकडे तरी.