निळूभाऊंच्या खलनायकी नसलेल्या भूमिका सुचवा

मदत हवी आहे. आमच्या वाचनालयात निळू फुल्यांवर तासाभराचा कार्यक्रम करायचा आहे. थोडं बोलायचं आणि मध्येमध्ये चित्रपटांतले प्रसंग दाखवायचे. समोर निम्मी कॉलेजची पोरं असतील. त्यांना निळूभाऊ ठाऊक आहेत ते नकलाकारांच्या ‘बाई, वाड्यावर या’पुरते. तेवढ्यावरच गाडी अडली, तर सगळा खटाटोप फुकट.

माझ्याकडे दोन प्रसंग पक्के आहेत. ‘सामना’तला साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील, समोर डॉ. लागूंचा मास्तर. मग ‘सिंहासन’ (1979) मधला पत्रकार दिगू टिपणीस. दिग्दर्शक तेच, जब्बार पटेल. पण एकात सत्ता अंगात मुरलेला माणूस, तर दुसऱ्यात ती सत्ता जवळून बघून आतून पोखरत गेलेला. दिगू तर बराच वेळ नुसता ऐकत असतो! ऐकण्याचा एवढा सुंदर अभिनय मी क्वचितच पाहिलाय. हिंदीतून ‘सारांश’मधला (1984) गजानन चित्रे घेतोय, पण तोही पुन्हा दांडगाई करणाराच पुढारी.

तर मंडळी, विनोदी किंवा साध्या, सोसणाऱ्या माणसाची त्यांची कोणती भूमिका घेऊ? नुसतं चित्रपटाचं नाव नको, नेमका प्रसंग सांगा. आणि ज्यांनी ‘सखाराम बाइंडर’ रंगमंचावर पाहिलंय, त्यांनी त्यांच्या आवाजाबद्दल, चालण्याबद्दल दोन ओळी लिहिल्या तर तुमच्या परवानगीने तिथे वाचून दाखवेन.