मदत हवी आहे: रोजचं आत्मपरीक्षण ओवीत कसं बसवावं?

नमस्कार मंडळी. आम्ही मालवणजवळच्या किनाऱ्यावरच्या काही कॅथलिक बायका. येत्या उपवासकाळात संध्याकाळच्या तेर्सानंतर (म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेनंतर) जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोलांच्या पद्धतीचं आत्मपरीक्षण करायचं ठरवलंय: आभार, प्रकाशाची याचना, दिवसाची उजळणी, क्षमा, उद्याचा निश्चय. पायऱ्या ठाऊक आहेत, फादरांनाही विचारलंय.

नुसतं डोळे मिटून बसलं की मन मासळीच्या हिशेबाकडे पळतं. वहीत लिहून पाहिलं, म्हाताऱ्या गळाल्या. चित्रं काढली, त्यात मुलंच रमली (तेही वाईट नाही म्हणा). जात्यावरच्या ओव्या मात्र अजून काहीजणींना येतात. फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' हे ख्रिस्तचरित्रावरचं मराठी काव्य १६१६ साली छापलं गेलं तेही ओवीतच, म्हणजे वाट जुनीच आहे.

आभाराच्या ओव्या झटकन जुळतात. घोडं अडतं ते उजळणी आणि क्षमेपाशी. 'आज सुनेवर उगाच खेकसले' हे सुनेच्या समोर कोण गाणार? आणि सगळं गुळमुळीत केलं तर ते आत्मपरीक्षण कसलं!

वेळ फार तर पंधरा मिनिटं, कारण पहाटे होड्या लागतात. वाद्यं नाहीत. शेजारच्या हिंदू बायकाही येऊन बसतात, त्यांना परकं वाटायला नको.

मला सुचतंय ते असं: पहिले तीन यमकाचे चरण सगळ्यांनी मिळून म्हणायचे आणि शेवटचा आखूड चरण प्रत्येकीने मनातच पुरा करायचा. असं कुणी करून पाहिलंय का? आणि तेवढ्या शांततेनंतर सूर पुन्हा एकत्र कसा उचलता?