मदत हवी आहे: इक्वेडोरमधल्या लोहा शहरात जामीनदाराशिवाय भाड्याचं घर

नमस्कार मंडळी. लोहा म्हणजे आपलं नांदेडचं नव्हे, दक्षिण इक्वेडोरमधलं. सध्या आम्ही दोघं याच देशातल्या क्वेंका शहरामध्ये महिन्याच्या बोलीवर राहतोय. तिथे परदेशी निवृत्तांची गर्दी आहे, त्यामुळे इंग्रजीत जाहिरात दिसली की भाडं चढंच. म्हणून बसने चार-पाच तासांवरच्या लोह्यात सहा महिने राहायचा विचार आहे.

महिन्याचं बजेट सगळं मिळून ८०० डॉलर (इथे २००० सालापासून अमेरिकन डॉलरच चालतो). काम ऑनलाइन, पगार भारतातून. व्हिसाचं काम झालंय, त्यामुळे तो प्रश्न नाही. जेवणाचाही नाही: मसूर, छोले, तांदूळ बाजारात मिळतात, आणि डोंगरातल्या या उंचीवर डाळ शिजायला कुकर सोबत आणलाय. त्याच्याशिवाय येऊच नका!

अडलंय ते घरापाशी. गेल्या आठवड्यात लोह्यात तीन दिवस फिरून खिडक्यांवरच्या ‘से आरिएन्दा’ (भाड्याने देणे आहे) पाट्या पाहिल्या, मोडक्या स्पॅनिशमध्ये फोन केले. दोन घरं पसंत पडली, पण दोन्ही मालकांना स्थानिक जामीनदार हवा. दोन महिन्यांची अनामत देतो म्हटलं, भारतातलं बँक स्टेटमेंट दाखवलं, तरी नकारच. दलालाला एका महिन्याचं भाडं देणं परवडणार नाही.

तिथे किंवा आसपास राहिलेल्या कुणी जामीनदाराऐवजी मालकाला काय देऊन पटवलं? तीन महिन्यांचं भाडं आगाऊ दिलं, तर ते करारात नेमकं कसं लिहून घ्यायचं?