शेवटचा शॉट कॅप्टनचा की मोकळ्याचा?

गोदाकाठ :
परवा रविवारी गंगापूर रोडला बास्केटबॉलची फायनल हरलो. एका पॉइंटनं मागे, नऊ सेकंद शिल्लक, टाइम-आउट. कोचनं पाटीवर एकच बाण काढला : बॉल कॅप्टनकडे, बाकीच्यांनी बाजूला व्हायचं. हे सगळ्या मैदानाला ठाऊक होतं, समोरच्यांना नसणार? दोघं अंगावर आले, त्यानं दोघांवरूनच मारला, बॉल रिंगच्या पुढच्या कडेला लागून परत. डाव्या कोपऱ्यात आमचा अकरावीतला पोरगा एकटा उभा होता, हात छातीशी तयार. त्या दिवशी लांबून तीन पॉइंटचे चार थ्री घातलेत त्यानं! शेवटचा शॉट मोकळा असेल त्याचा.

पंचवटी_११ :
हरल्यावर सगळेच कोच होतात. तोच शॉट पडला असता तर आज त्याला मिसळ खाऊ घालत असता. ज्यानं चाळीस मिनिटं टीम ओढली, बॉल त्याच्याच हातात हवा. पोराकडून चुकला असता तर वर्षभर कोर्टवर फिरकला नसता.

गोदाकाठ :
आपला कॅप्टन जॉर्डनपेक्षा मोठा का? १९९७ची एनबीए (अमेरिकेतली लीग) फायनल, सहावी मॅच, जॉर्डनच्या शिकागो बुल्सची यूटाशी ८६-८६. यूटाचा स्टॉकटन बुल्सच्या स्टीव्ह करला सोडून जॉर्डनवर धावला, जॉर्डननं बॉल करला दिला, करनं घातला.

पंचवटी_११ :
आणि १९९८ला? तीच यूटा, सहावीच मॅच. स्वतःच मारला ना! ८७-८६.

गोदाकाठ :
तेव्हा अंगावर यूटाचा एकटा रसेल होता भाऊ. दुसरा आलाच नाही. उदाहरण माझ्याच बाजूचं दिलंत.

नाशिकरोडकर :
१९९४ विसरलात. बुल्सच्या कोचनं शेवटचा शॉट कुकोचला दिला म्हणून टीमचा मोठा खेळाडू पिपेन १.८ सेकंदांसाठी उतरलाच नाही. कुकोचनं घातला, बुल्स जिंकले, पण लोक अजून पिपेनचा रुसवाच काढतात. मोठ्याला डावलायचं तर कोचची छाती पाहिजे.

शिट्टीवाले_काका :
मी टेबलाशेजारीच बसलो होतो. शॉट कोणी मारला ते सोडा, सुटला केव्हा ते बघा. एक सेकंद राहिला होता! चार असताना मारला असता तर रिबाउंडवर, म्हणजे चुकून परत आलेल्या बॉलवर, दुसरा चान्स होता. २०१३च्या एनबीए फायनलला मायामीचं तेच झालं : लेब्रॉनचा चुकला, बॉशनं रिबाउंड काढला, ॲलननं कोपऱ्यातून थ्री घालून बरोबरी केली, तरी ५.२ सेकंद उरले. शिवाय समोरच्यांच्या टीम फाउलची मर्यादा भरलेली. आत घुसायचं, धक्का लागला की दोन फ्री थ्रो. लांबून कशाला मारायचा? (आपल्या पोरांना फ्री थ्रोची प्रॅक्टिस नको असते, हे वेगळं.)

पंचवटी_११ :
काका, हे पटलं. पण घुसणार कोण? कॅप्टनच ना?

कोपरा_७ :
कोपऱ्यातला मीच. खरं सांगू? चार थ्री पडले तेव्हा कोणी बघत नव्हतं. टाइम-आउटनंतर हात गार पडले होते, मनात एकच, बॉल इकडे येऊ नये.

गोदाकाठ :
अरे, पण हात तर तयार होते!

कोपरा_७ :
दादा, ती सवय आहे. घरी आईनं ताट पुढे केलं तरी तसेच येतात.